दारात पडलेला सैनिक

दोस्तहो, पँथर हे नाव आपण १९७२ साली अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं, हे सभेत सगळेच सांगतात. मेडगर एव्हर्सचं नाव मात्र कुणी घेत नाही. मलाही ते परवा-परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

मिसिसिपीतला हा काळा माणूस १९२५ साली जन्मला. दुसऱ्या महायुद्धात फौजेत गेला. त्या फौजेतही गोऱ्यांच्या पलटणी वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. नॉर्मंडीत राबला, सार्जंट झाला, पदकं घेऊन परतला. १९४६ साली एकविसाव्या वाढदिवशी भावाला आणि दोस्तांना घेऊन मत द्यायला गेला, तर बंदूकवाल्या गोऱ्यांनी हाकलून लावलं. हिटलरविरुद्ध लढून आलेला माणूस आपल्याच गावात मतपेटीला हात लावू शकला नाही. आपल्याला हे नवं नाही. १८१८ साली कोरेगावला इंग्रजांसाठी लढलेल्या महारांच्या नातवंडांना पुढं त्याच इंग्रजांनी फौजेचं दार बंद केलं.

एव्हर्स गप बसला नाही. १९५४ पासून एनएएसीपी संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता झाला. १९५५ साली एमेट टिल या १४ वर्षांच्या पोराचा खून झाला, तेव्हा शेतमजुराचे कपडे घालून साक्षीदार शोधत हिंडला.

इथवर वाचलं आणि छाती फुगली. पुढं त्याच्या घराचं वाचलं आणि गप झालो.

जॅक्सन शहरातल्या त्या घराला पुढचं दारच नव्हतं. रस्त्यावरून कुणी नेम धरू नये म्हणून दार बाजूला, गाडी लावायच्या जागेकडं. बायको मर्ली आणि तीन लेकरं. गोळीचा आवाज आला की जमिनीवर आडवं व्हायचं, हे त्यानं लेकरांना शिकवलेलं. १२ जून १९६३ च्या मध्यरात्रीनंतर तो मीटिंगवरून आला. लेकरं बापाची वाट बघत जागीच होती. गाडीतून उतरला आणि पाठीत गोळी बसली. लेकरं आधी आडवी झाली, मग बाहेर धावली. एव्हर्स ३७ वर्षांचा होता.

१९६४ साली दोनदा खटला चालला. सगळे ज्युरी गोरे. दोन्हीदा निकालच लागला नाही. मर्लीनं पिच्छा सोडला नाही. १९९४ साली मारेकरी बेकविथला जन्मठेप झाली. तीस वर्षं ही बाई लढली.

आणि मी? मिलमधून सुटलो की सभा, सभेवरून मध्यरात्री घरी. मागच्या महिन्यात पोरगी तापानं फणफणलेली. बायको म्हणाली, "तुमची चळवळ झाली का? आता हिला बघा." मी खेकसलो, "तुला काय कळतंय चळवळीतलं!"

एव्हर्सनं असं म्हटलं असतं, तर त्याच्यामागं तीस वर्षं कोण लढलं असतं?

परवा तिला विचारलं, "बैठकीला येतीस का?" सात वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. ती म्हणाली, "पोरीला कोण बघंल?" मला उत्तर देता आलं नाही.

पोरांनो, पुढची बैठक आमच्या खोलीत आहे. चहा मी करणार. ती बसणार आणि बोलणार.