महागडा मदरबोर्ड घ्यावा का? आमच्या शाळेच्या संगणकाची गोष्ट



एरवी मी इथे मराठीचे पाठ आणि निबंध देतो. आज विषय जरा वेगळा आहे. पण तुमच्या शाळेत एखादा जुना संगणक असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. कदाचित तुमचे चार पैसे वाचतील.

जालना जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात आमची द्विशिक्षकी शाळा आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली, खोली झाडली, संगणकाचं बटण दाबलं, तर पंखा एकदा फिरला आणि बंद. स्क्रीन काळी ती काळीच. जालन्याला नेऊन दाखवला. दुकानदाराने झाकण उघडून मदरबोर्डवरचे छोटे गोल कॅपॅसिटर दाखवले. त्यांची डोकी फुगून वर आली होती. "सर, बोर्ड गेला," तो म्हणाला.

मदरबोर्ड म्हणजे संगणकातली ती मोठी पाटी, जिच्यावर प्रोसेसर, रॅम आणि बाकी सगळं बसतं. हे सगळे भाग एकमेकांशी बोलतात ते या पाटीमार्फतच.

दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक नवा बोर्ड काढला. बी७६० चिपसेटचा, काळाभोर, त्यावर जाड चंदेरी पत्रे. किंमत साडेचौदा हजार. "एकदाच घ्या, दहा वर्षं बघायचं काम नाही." खरं सांगतो, मला तो बोर्ड आवडला. त्या आठवड्यात रोज रात्री मी मोबाईलवर त्याचेच व्हिडिओ बघत होतो. शाळेसाठी बघतोय की माझ्या हौसेसाठी, हे मात्र स्वतःला विचारलं नव्हतं.

पैसे होते लोकवर्गणीचे. बावीस हजार रुपये. कुणाचे पाचशे, कुणाचे शंभर. एका माऊलीने कापूस निंदायच्या रोजंदारीतून दोनशे दिले होते. त्यांचं नाव वहीत मीच लिहिलं होतं.

मग कागद-पेन घेऊन बसलो, तेव्हा पहिली गोष्ट कळली. मदरबोर्ड एकटा घरी येत नाही, सोबत सगळं बिऱ्हाड आणतो. आमचा जुना प्रोसेसर इंटेलचा, तिसऱ्या पिढीचा, ११५५ सॉकेटचा. नव्या बोर्डावर १७०० सॉकेट. म्हणजे प्रोसेसर नवा. जुनी रॅम डीडीआर३, ती नव्या बोर्डात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. म्हणजे रॅमही नवी. हिशोब तीस हजारांच्या आसपास गेला.

दुसरी गोष्ट "दहा वर्षं बघायचं काम नाही" याची. इंटेलने सॉकेट किती वेळा बदललं बघा: २०११ मध्ये ११५५, २०१३ मध्ये ११५०, २०१५ मध्ये ११५१, २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७००, आणि २०२४ मध्ये १८५१. दहा वर्षांनी त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवू म्हटलं, तर त्या वेळचा नवा प्रोसेसर त्यावर बसेल ही आशा फोल. एएमडीचं एएम४ सॉकेट याला अपवाद. ते २०१६ ला आलं आणि २०२४ मध्येही त्यासाठी नवे प्रोसेसर निघाले.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एकच साधा प्रोसेसर महाग बोर्डावर बसवला काय आणि स्वस्त बोर्डावर बसवला काय, वेगात फारसा फरक पडत नाही. जास्त पैसे जातात ते जास्त जोडण्यांसाठी, रॅमच्या जास्त खाचांसाठी आणि भारी प्रोसेसरला तासन् तास स्थिर वीज देण्यासाठी. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला हे लागतं. आम्हाला काय लागतं? शालार्थ, यू-डायस, पोषण आहाराची माहिती, मराठी टायपिंग आणि लेकरांना चित्र काढायला एक माऊस.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी तिन्ही पर्याय मांडले: महाग बोर्ड, सहा हजारांच्या आसपासचा एच६१० बोर्ड, आणि जुन्याच सॉकेटचा नवा एच६१ बोर्ड, सव्वीसशे रुपयांचा. बोलताना माझा आवाज महाग बोर्डाकडेच झुकत होता. अध्यक्ष शेतकरी आहेत, मोसंबीची बाग आहे त्यांची. सगळं ऐकून म्हणाले, "सर, आम्ही विहिरीला पाणी केवढं हे बघून मोटर घेतो. मोठी टाकली तर घटकाभरात हिर कोरडी अन् मोटर जळती." मग त्यांनीच विचारलं, "पण पहिला बोर्ड जळला कशानं?"

हे मी कुणाला विचारलंच नव्हतं! वायरमनला बोलावलं, तर शाळेला धड अर्थिंगच नव्हतं. गावातला व्होल्टेज कसा खालीवर होतो ते तुम्हाला सांगायला नको. साडेचौदा हजारांचा बोर्डही त्याच वायरीवर लावला असता.

शेवटी असं केलं:
• नवा एच६१ बोर्ड: २,६०० रुपये
• एसएसडी: १,६०० रुपये
• वापरलेली ४ जीबी रॅम: ६०० रुपये
• यूपीएस: ३,२०० रुपये
• अर्थिंग: १,५०० रुपये

एकूण ९,५०० रुपये. उरलेले साडेबारा हजार समितीच्या खात्यात आहेत.

तोटाही सांगतो. आमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, त्यासाठी साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. म्हणून लिनक्स मिंट टाकलं. मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग छान चालतं. पण काही एक्सेल फाइली नीट उघडत नाहीत, त्या मी माझ्या लॅपटॉपवर करतो. जुना प्रोसेसर उद्या गेला, तर मात्र नवं सगळंच घ्यावं लागेल. तेव्हा उरलेले पैसे कामी येतील.

मित्रांनो, बोर्ड घेण्याआधी चार प्रश्न विचारा. काम काय आहे? सोबत आणखी काय घ्यावं लागेल? जुना गेला कशाने? आणि पैसे कुणाचे आहेत? चौथ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच हातच्या वहीत होतं, तरी मी वही सगळ्यात शेवटी उघडली.

परवा त्या माऊलीची तिसरीतली लेक संगणकावर स्वतःचं नाव टाइप करत होती. वेलांटी चुकली, पुसली, परत टाकली. आई दारातून बघत उभी होती. "सर, चालू झाला का आपला संगणक?" मी म्हणालो, "हो ताई, चालू झाला."