पार बांधणारी माणसे

घराण्याचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे सनद, वंशावळ, निदान एखादी जीर्ण वही तरी हाताशी असावी, अशी वाचकांची अपेक्षा असते. आम्हां भंडाऱ्याकडील कोहळ्यांच्या घरी यांपैकी फारसे काही निघत नाही. आमच्याजवळ आहेत ती तळी, आणि एक कथा. चांद्याचा कोणी गोंड राजा काशीयात्रेस गेला. परतताना त्याने तळी बांधण्यात निष्णात अशी काही कुटुंबे आपल्याबरोबर आणली. ती प्रथम लांजीस उतरली आणि तेथून वैनगंगेच्या खोऱ्यात पसरली, अशी ती कथा. राजाचे नाव आमच्या साकोलीकडच्या घरी कोणी सांगत नसे, आणि आम्ही मुलांनी खोदून विचारले तर आजी रागावत असे.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर १९१६ साली जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ही कथा नमूद आहे. परंतु कोहळ्यांची भाषा, चालीरीती आणि कुळांची नावे पाहिली तर ती कुणब्यांच्या जवळची, म्हणजे अस्सल मराठी वळणाची आहेत, असेही ते ग्रंथकार लगोलग सांगतात. चांद्याकडील कोहळी तर आपले पूर्वज दक्षिणेकडून आल्याचे सांगत. १९११ च्या शिरगणतीत आमची संख्या सव्वीस हजारांच्या आसपास भरली. एवढ्याशा जातीला तीन मूळस्थाने! आम्हांस वाटते, काशी हे येथे स्थळाचे नाव नसून प्रतिष्ठेचे आहे. परमुलुखातून आलेल्याने आपण पवित्र ठिकाणाहून आलो असे सांगावे, यात नवल नाही. मात्र कथेतला दुसरा भाग, कसबासाठी बोलावून आणलेली माणसे हा, आम्ही इतक्या सहजासहजी सोडणार नाही.

कारण ते कसब या भूमीला हवे होते. भंडाऱ्याकडे पाऊस भरपूर पडतो; पण धानाला नुसता भरपूर पाऊस पुरत नाही. रोवणी होऊन पीक पोटऱ्यांत आले की त्याला अखेरचे पाणी लागते, आणि नेमका तेव्हाच, हस्ताच्या सुमारास, पाऊस दगा देतो. पंधरावीस दिवसांची उघडीप झाली की बांधीतील धान उभ्याउभ्या वाळते. म्हणून श्रावणाचे पाणी आश्विनापर्यंत धरून ठेवणे हाच येथील शेतीचा खरा प्रश्न. दोन टेकड्यांच्या मधली खिंड हेरावयाची, तेथे मातीचा पार घालावयाचा, जादा पाणी जावे म्हणून कडेला खडकावरून सांडवा काढावयाचा, आणि खालच्या बांध्यांना पाणी सोडण्यासाठी पारात तुडूम बसवावयाचे. समपातळी मोजण्याचे कोणतेही यंत्र नसता आमच्या पूर्वजांनी हे नुसत्या नजरेने साधले. पहिल्या पावसात पाणी कोठून कसे धावते हे पाहून ठेवणे, एवढेच त्यांचे गणित. पाणी साठले की धानाच्या जोडीला ऊसही होई, आणि ऊस म्हणजे कोहळ्याचा जीव की प्राण!

चांद्याच्या राजांनी या कसबाची किंमत रोकडी दिली. जो तळे बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळावी, असा त्यांचा रिवाज होता; अशा देणगीला 'तुकूम' म्हणत, आणि चंद्रपुरात हे नाव अजून नांदते आहे. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी घातला. सुमारे पाच चौरस मैलांचे ते पाणी आणि भोवतालच्या 'सात बहिणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्या मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे महाराष्ट्रभर परिचित झाल्या आहेत. १९९९ पासून हे गाव गोंदिया जिल्ह्यात मोडते. कोलू पाटलाचे पुढे लोकांनी दैवत केले. त्यातल्याच एका टेकडीवर कोलासुर म्हणून त्याचे ठाणे आहे. बाहेरून आलेल्या माणसाला याहून अधिक कायमचा दाखला कोणता मिळावा?

पाण्याच्या विद्येपायी आश्रय मिळालेली माणसे अन्यत्रही झाली. सोळाव्या शतकात धर्मछळाला कंटाळून हॉलंडकडचे मेनोनाइट लोक पोलंडात विस्तुला नदीच्या मुखाशी जाऊन राहिले. दलदलीतले पाणी काढून जमीन कोरडी करणे त्यांना येत होते, म्हणून तेथील जमीनदारांनी त्यांना जागा दिली. त्यांच्यातील काही १७८९ त रशियाच्या राणीच्या बोलावण्यावरून युक्रेनात गेले, आणि तेथून पुष्कळ जण १८७४ च्या सुमारास अमेरिकेत. पुढे त्याच पंथाचे अमेरिकन मिशनरी दुष्काळाच्या निमित्ताने १८९९ साली आमच्या शेजारी धमतरीस आले. धमतरी तेव्हा आमच्याच मध्यप्रांतात होती. त्यांचे पूर्वज पाणी काढून लावणारे, आमचे अडविणारे! या लोकांनी आपल्या वंशावळी मोठ्या निगुतीने जपल्या आहेत, आणि त्या पाहून आम्हांस हेवा वाटतो. पण वही गाठोड्यात बांधून नेता येते, तळे नेता येत नाही. कदाचित म्हणूनच ते पुढे जात राहिले आणि आम्ही थांबलो. आजी म्हणे, "पानी थांबलं तं मानूस थांबला."

असो. या अभिमानात एक खडा आहे, तो गिळून चालणार नाही. पाराची जागा कोहळ्याने हेरली हे खरे. पण त्या मातीच्या टोपल्या कोणी वाहिल्या? दैवत कोलू पाटलाचे झाले, टोपलीवाल्यांची नावे कोणत्याच टेकडीला नाहीत. पुढे मालगुजारी आली तेव्हा पाटलाच्या हाती पाणीही आले आणि वेठही आली. आमच्या घरच्या आठवणींत तळ्यातल्या माशांची, नव्या गुळाची वर्णने पुष्कळ आहेत. वेठीस आलेल्या माणसाने दुपारी काय खाल्ले, हे कोणाच्या आठवणीत नाही.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तळी सरकारजमा झाली. मालगुजार गेला याचे दुःख आम्हांस नाही. पण त्याच्याबरोबर दर उन्हाळ्यात पाराची डागडुजी करवून घेणारा धनीही गेला, आणि त्याच्या जागी गाव उभे राहिले नाही. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची आद्याक्षरे जुळवून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. नाते जोडले खरे, पण मामाची विचारपूस करावयास भाचे क्वचितच जातात. अनेक तळी गाळाने उथळ झाली, कित्येकांत बेशरम माजली, पोटात शेते शिरली.

आमच्या गावचे तळे त्यांपैकीच एक. मागील उन्हाळ्यात त्यातील गाळ उपसावयाचे ठरले, तेव्हा तुडूम नेमके कोठे दडले आहे हे आम्हां पाटलांच्या घरात कोणास सांगता येईना. ते दाखविले एका वृद्ध ढिवराने. त्याच्या बापाने आणि आजाने त्याच पाण्यात जाळी टाकली होती. त्याने काठी रोवून सांगितलेल्या जागी तीन हात खणल्यावर दगड लागला.