मरुभूमींतील छत्तीस छायाचित्रें

गेल्या नाताळच्या सुटींत मामांबरोबर मोटारीनें थरचें वाळवंट पाहण्याचा योग आला. मामांना छायाचित्रें काढण्याचा मोठा नाद. निघतांना त्यांनीं आपला जुना कॅमेरा माझ्या हातीं दिला व बजावलें, "बाळ, ह्यांत छत्तीस चित्रांची एकच फिल्म आहे, दुसरी मिळणार नाहीं. आधीं नीट पाहा, मगच कळ दाब."

जोधपूर सोडून पोखरणवरून जैसलमेरकडे जातांना झाडें खुजीं होत गेलीं. शेवटीं चार-दोन खेजड्या व कांटेरी झुडपें एवढींच उरलीं. वाळवंट म्हणजे नुसती वाळू, ही माझी समजूत वाटेंतच दूर झाली; कारण कित्येक मैल सभोंवार निव्वळ खडकाळ माळ होता. 1156 सालीं रावळ जैसल यानें वसविलेल्या जैसलमेरचा पिवळ्या दगडांचा किल्ला मावळत्या उन्हांत सोन्याचा भासला, आणि तेथेंच मीं उतावळेपणानें नऊ चित्रें खर्चीं घातलीं!

दुसऱ्या दिवशीं समच्या वाळूच्या टेकड्या पाहिल्या. भर दुपारीं त्या अगदीं सपाट दिसत. मामा म्हणाले, "सांवलीवांचून वाळूला रूप नाहीं." पहांटे पुन्हां गेलों, तों तिरप्या किरणांनीं वाळूवरील प्रत्येक लाट उठून दिसत होती. उजळ वाळूपुढें प्रकाशमापक फसतो व चित्र काळवंडतें, म्हणून तो सांगेल त्याहून थोडा अधिक प्रकाश द्यावा, हेंही तेथेंच शिकलों. पुढें पालीवाल ब्राह्मणांचें ओसाड कुलधरा गांव पाहिलें. एकोणिसाव्या शतकांत उजाड झालेल्या त्या घरांच्या छपराविना भिंती पाहून मन उदास झालें.

तेथून आडवाटेनें जातां जातां एका लहानशा वस्तीशीं आलों. फिल्ममध्यें दोनच चित्रें उरलीं होतीं. एक बाई अरुंद कुंईंतून पाणी शेंदीत होती. मोटारींतूनच मीं कळ दाबली. तिनें झटकन पदर ओढून तोंड फिरविलें. जवळच बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठून आले व शांतपणें म्हणाले, "विचारलें तरी असतें."

मामांनीं खालीं उतरून हात जोडले. मलाही जोडावयास लावले. लाजेनें माझी मान वर होईना. परंतु त्या वृद्धांनीं रागाचा एक शब्दही न काढतां आम्हांला सांवलींत बसविलें व कुंईचें मर्म सांगितलें. ह्या भागांत वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरहूनही कमी, आणि खोलवरचें पाणी बहुधा खारट. परंतु कोठें कोठें वाळूखालीं खडीचा थर असतो. तो पावसाचें पाणी खालच्या खाऱ्या पाण्यांत मिसळूं देत नाहीं. वाळूंत राहिलेली ती ओल थेंबाथेंबानें कुंईंत झिरपते व दिवसाकाठीं कांहीं घागरी भरतात. इतकें सांगून त्यांनीं त्याच पाण्याचा पेला माझ्यापुढें धरला. तो ओठांशीं नेतांना माझा हात कांपत होता.

निघतेवेळीं ते आपण होऊन कुंईजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "आतां घ्या." तें माझें छत्तिसावें चित्र.

घरीं आल्यावर फिल्म धुतली. चोरून घेतलेलें चित्र रेखीव उमटलें होतें. वृद्धांचें मात्र किंचित् हललेलें. मामांनीं दोन्ही माझ्यापुढें ठेवून एवढेंच विचारलें, "कोणतें छापूं?"

तें हललेलें चित्र आज माझ्या मेजावर आहे. तहानलेल्यास पेलाभर गार पाणी देण्याविषयींचें शुभवर्तमानांतील वचन मीं शाळेंत किती तरी वेळां ऐकलें होतें. पण जेथें पाण्याचा थेंब न् थेंब मोजून वापरतात, तेथें आपल्या अपराध्यालाही तो पेला मिळतो, हें मला त्या वाळवंटांत कळलें. आतां कॅमेरा डोळ्याशीं नेण्यापूर्वीं मी समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहतों.