पायउतार

सायकलवरून वेळेवर उतरता येणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, असे आम्हांस तरुणपणी कोणी सांगितले असते, तर आम्ही त्यास हसलो असतो. चढण्याची विद्या असू शकेल. फार तर पडण्याचीही. उतरणे म्हणजे मात्र निव्वळ हार, अशी आमची समजूत होती. ती गेल्या श्रावणात सायखेड्यास, गोदावरीच्या काठी, आमच्या पुतण्याने मोडली.

हा पुतण्या शिक्षणासाठी बेल्जममध्ये गेंट येथे असतो. सुट्टीत घरी आला तो एक नवे वेड बरोबर घेऊन. त्या वेडाचे नाव सायक्लोक्रॉस. ऑक्टोबरात तिकडे नवशिक्यांच्या शर्यतीत भाग घ्यावयाचा आणि तिची तालीम येथल्या चिखलात करावयाची, असा त्याचा बेत होता. ही शर्यत डांबरी रस्त्यावर होत नाही. गवत, वाळू, चिखल, कलती जमीन असा अडीच-तीन किलोमीटरांचा फेरा. तोच पुनःपुन्हा मारावयाचा. वाटेत चाळीस सेंटिमीटर उंचीच्या फळ्या आडव्या उभ्या केलेल्या असतात, कोठे पायऱ्या असतात. जेथे सायकल चालत नाही तेथे स्वाराने खाली उतरून ती खांद्यावर घ्यावयाची आणि पळत सुटावयाचे. कसलेले स्वार हे तासभर करतात. नवशिक्यांना अर्धा-पाऊण तास पुरे होतो.

आम्ही लगेच या खेळाचा इतिहास वाचून काढला. कोणतीही गोष्ट करण्यापूर्वी तिचा इतिहास वाचण्याची प्राध्यापकास खोड असते, आणि पुष्कळदा त्याचे काम तेथेच संपते. दान्येल गूसो नावाच्या एका फ्रेंच शिपायाने पुढाकार घेऊन १९०२ साली फ्रान्समध्ये याची पहिली राष्ट्रीय शर्यत भरविली. पुढे १९१० साली फ्रान्सची सुप्रसिद्ध प्रदक्षिणा जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझने आपल्या यशाचे श्रेय या चिखलातल्या तालमीस दिले, तेव्हा तिचा बोलबाला झाला. पहिली जागतिक अजिंक्यपदाची शर्यत पॅरिसला १९५० साली झाली. स्त्रियांना मात्र त्यासाठी २००० सालापर्यंत वाट पाहावी लागली. एवढे आम्ही सांगून होते न होते तोच पुतण्या म्हणाला, "काका, वाचणं पुरे. आता उतरून दाखवा."

नदीकाठी गवताची एक पट्टी आहे. २०१९ च्या ऑगस्टात सायखेड्यात पूर शिरला तेव्हा ती कित्येक हात पाण्याखाली होती. तेथे त्याने फळीऐवजी एक दोरी जमिनीवर आडवी टाकली. "फळी नंतर. आधी भीती जाऊ द्या." उजवा पाय मागून फिरवून डावीकडे आणावयाचा, सारा भार डाव्या पायावर, उजवा हात मधल्या दांडीवर, आणि दोरी यायच्या दोन पावले आधी डावा पाय सोडून धावू लागावयाचे. थांबून मग उतरणे, हे येथे चालत नाही. चालत्या चाकाबरोबर पावलेही चालू झाली पाहिजेत. पुन्हा बसताना उडी थेट बैठकीवर मारावयाची नाही. उजव्या मांडीची आतली बाजू प्रथम टेकवून मग सरकावयाचे. (हा नियम मोडल्यास काय होते ते आम्हांस एका प्रयोगात कळले, अधिक लिहीत नाही.) चाकांत हवा नेहमीपेक्षा कमी ठेवावयाची, म्हणजे टायर पसरून माती धरते. चिखलात ब्रेक दाबावयाचा नाही, आणि नजर चिखलावर न ठेवता तो जेथे संपतो तेथे ठेवावयाची. आम्ही तीन वेळा पडलो. तिन्ही वेळा कारण एकच: आम्ही उतरण्याचा निर्णय उशिरा घेतला. अजून थोडे जमेल, अजून थोडे, असे म्हणत दोरी येई.

चौथ्या दिवशी आम्ही काळ्या मातीत शिरलो. ही माती भिजली की फुगते आणि चाकास गुळासारखी चिकटते. पुतण्याच्या सायकलीचे चाक आणि चिमटा यांत पुष्कळ मोकळी जागा होती. आमच्या जुन्या सायकलीचे मडगार्ड मात्र शंभर पावलांत गच्च भरले आणि चाक फिरेनासे झाले. आम्ही उतरलो, दांडीखाली खांदा घातला, हात पुढे नेऊन हँडल धरले आणि चालू लागलो.

"काका, हे तर मी अजून शिकवलंच नाही!"

आम्हांस ते शिकविण्याची गरज नव्हती. आमचे वडील पलीकडच्या वस्तीवरील शाळेत मास्तर होते. पावसाळ्यात ते आधी काडीने मडगार्डातली माती उकरीत. तेही भागेना, तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, पंचाची चौघडी खांद्यावर ठेवून, ती वीसेक किलोंची सायकल उचलीत. आम्ही नाशिकला कॉलेजात होतो तेव्हा एकदा मित्रांना घरी आणले होते. ओसरीवर इंग्रजी कवितेवर वाद रंगला होता. इतक्यात वडील अंगणात शिरले: सायकल खांद्यावर, चिखल कमरेपर्यंत. पुढे होऊन सायकल घ्यावी, एवढेच करावयाचे होते. आम्ही पाणी आणण्याचे निमित्त करून आत गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. सायकल त्यांनी आपणच भिंतीला टेकविली. त्याबद्दल ते कधीही काही बोलले नाहीत, आणि आता त्यांना विचारण्याची सोय राहिलेली नाही.

पुतण्यास आम्ही हे सगळे सांगितले नाही. "तुझे आजोबा असेच आणीत," एवढेच म्हटले, आणि पंचाची गोष्ट सांगितली. कारण दांडी खांद्याच्या हाडात रुतते ही त्याची तक्रार होतीच.

ऑक्टोबराच्या अखेरीस त्याचे पत्र आले. शर्यतीत तो शेवटून चौथा आला. वाळूत दोनदा पडला, फळ्यांवर एकदाही नाही. सदऱ्याच्या आत उजव्या खांद्यावर त्याने कापडाची चौघडी शिवून घेतली होती. ती पाहून एका बेल्जियन सोबत्यानेही तशीच शिवून मागितली आहे, असे लिहून त्याने विचारले होते की, आजोबा पंचा कोरडा ठेवीत की ओला करून पिळलेला? हे आम्हांस ठाऊक नाही. तितक्या जवळून आम्ही कधी पाहिलेच नव्हते.