बसायची खुर्ची

आमच्या एका स्नेह्यांनी यंदा दिवाळीपूर्वी दिवाणखाना नवा केला. नवा म्हणजे जुना! कारण हल्ली १९५०-६० च्या धाटणीचे सामानच सर्वांत अद्ययावत समजले जाते. सागवानी लाकडाच्या, वेताच्या पाठीच्या दोन खुर्च्या त्यांनी मोठ्या कौतुकाने दाखवल्या. मी त्यांतल्या एकीवर टेकणार, तोच वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सोफ्यावरच बसा ना. वेत फार नाजूक असतो हो!"

मला मोठी मौज वाटली. कारण ही खुर्ची मुळात कचेरीतली. फाळणीत लाहोर पलीकडे गेले, पंजाबला नवी राजधानी हवी झाली आणि १९५१ पासून ल कॉर्ब्युझिए यांनी चंडीगढ आखले. त्यांचे नाव जगभर गाजले. पण तिथे ठाण मांडून १९६५ पर्यंत रोजचे काम पाहिले ते त्यांचे चुलतभाऊ पिअर जानरे यांनी. कचेऱ्या, कॉलेजे, वाचनालये - एका अख्ख्या शहराला बसायला खुर्च्या हव्या होत्या. पैसा बेताचा. जानरे आणि त्यांचे सहकारी (त्यांत युली चौधरी या भारतीय वास्तुशिल्पी होत्या, हे सहसा कोणी सांगत नाही) यांनी साग, वेत आणि सुताराचा हात एवढ्यावरच भागवले. कंपास फाकवून ठेवावा तसे पाय. म्हणजे रोज ओढाताण झाली तरी खुर्ची डगमगणार नाही. पाठीला आणि बैठकीला वेताची जाळी. म्हणजे जूनच्या उन्हाळ्यात कारकुनाच्या पाठीला वारा लागेल.

त्या काळच्या चांगल्या वस्तूंचे हे असेच असे. डेन्मार्कच्या पॉल हेनिंग्सेन यांचा १९५८ चा टांगता दिवा घ्या. एकाखाली एक झाकणे अशी बसवलेली की, कुठूनही पाहा, बल्ब डोळ्यांत खुपत नाही. जेवणाच्या टेबलावर तो खाली टांगायचा. ताटावर उजेड, डोळ्यांना सावली.

चंडीगढच्या खुर्च्यांची पुढची हकीकत तुम्ही ऐकली असेल. वेत फाटला, सांधे खिळखिळे झाले, तशा त्या गच्च्यांवर ढिगाने पडल्या आणि भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, घासूनपुसून चकचकीत केल्या आणि तिकडच्या लिलावांत त्यांना लाखांचे मोल आले. लाकडावर रंगवलेला सरकारी नोंदणीचा आकडा असला तर गिऱ्हाईक अधिकच खूश! २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीला मनाई केली. व्यापाऱ्यांवर पुष्कळांचा राग आहे. माझा तितकासा नाही. ज्यांना त्या खुर्चीचे मोल कळले त्यांनी ती उचलली. मला राहून राहून वाटते ते एवढेच की, फाटलेला वेत पुन्हा विणून घ्यावा, हे इतक्या वर्षांत त्या कचेऱ्यांतून कोणाच्या मनात कसे आले नाही? आणि आता माझ्या स्नेह्यांकडे तो वेत फाटूच नये म्हणून कोणाला बसू द्यायचे नाही! खुर्चीच्या नशिबी दोन्हीकडे वनवासच.

वेत विणण्याची विद्या आपल्याकडे अंधशाळांतून शिकवली जाई. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात असे एक अंध गृहस्थ वर्षातून एकदा येत. भिजवलेल्या वेताच्या पट्ट्यांची चुंबळ शेजारी घेऊन ते ओसरीवर बसत. आधी उभे पेड, मग आडवे, शेवटी तिरपे. छिद्रांची मोजणी सगळी बोटांवर. आम्ही पोरे भोवती गलका करीत असू, पण त्यांचे एक छिद्र कधी चुकले नाही. काम संपले की ते खुर्ची उन्हातून बाजूला ओढायला सांगत, स्वतः तिच्यावर ऐसपैस बसून एकदा मागे रेलून पाहत, आणि मगच आजोबांकडून पैसे घेत.