फास्ट आणि स्लो

मीरा रोडच्या पोरांना इंग्रजीतले दोन शब्द शाळेत शिकवावे लागत नाहीत. फास्ट आणि स्लो. इंडिकेटरवरचा 'एफ' की 'एस' हे बघायला ती वाचायच्या आधीच शिकतात!

इंग्रजीत ही विशेषणं. आपण त्यांची चक्क नामं केली, तीही स्त्रीलिंगी. 'फास्ट गेली रे, आता स्लोच पकडू.' बऱ्याच विरार फास्ट बोरिवलीपुढे प्रत्येक स्टेशनला थांबतात, तरी त्या फास्टच. म्हणजे वेगाशी संबंध संपला, नाव तेवढं उरलं.

असो. विषय निघाला पुतणीमुळे. सहावीत आहे. पेपरात तिने 'ही रन्स फास्टली' लिहिलं, अर्धा मार्क गेला. 'ड्राइव्ह स्लो' लिहिलं, तिथेही अर्धा. "काका, स्लोचं स्लोली, मग फास्टचं फास्टली का नाही?" शाळेत उत्तर मिळालं: नियम आहे, पाठ कर. त्यावर ती म्हणाली, "मला इंग्लिश जमणारच नाही." मराठी माध्यमात दहावी केलेल्या माणसाला हे वाक्य फार ओळखीचं असतं.

मग बसलो दोघं. जुन्या इंग्रजीत विशेषणाच्या शेवटी 'ई' लावून क्रियाविशेषण करत. पुढे तो 'ई' गळाला आणि दोन्ही रूपं एकच दिसायला लागली. म्हणून फास्ट दोन्हीकडे चालतो. स्लोही चालतो, रस्त्यावरची 'गो स्लो' पाटी त्यातलीच. फक्त त्याला 'स्लोली' हा जोडीदार मिळाला. 'फास्टली'ही एकेकाळी होता, पण टिकला नाही.

खरी मजा अर्थात आहे. फास्ट म्हणजे मुळात घट्ट, पक्का. 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला. ब्रेकफास्टमधला उपासही तिथलाच, नेम घट्ट धरलेला. मग घट्टवरून वेग कसा आला? मी म्हटलं, आपण 'जोरात धर' म्हणतो आणि 'जोरात पळ'ही म्हणतोच की. तिला लगेच पटलं. वर म्हणते कशी, "म्हणजे संध्याकाळी विरार फास्टमध्ये बाबा अडकतात ते जुन्या अर्थाने फास्ट!"

'फास्टली'चा अर्धा मार्क सोड म्हणालो. 'ड्राइव्ह स्लो'चा मात्र माग, डिक्शनरीत स्लो क्रियाविशेषण म्हणूनही दिलाय. सोमवारी ती डिक्शनरी घेऊन जाणार आहे. वहिनी म्हणते, बाईंशी वाद कशाला? बघू.