बार हार्बरची वाट कुणासाठी?

बॉस्टन सोडून मेन राज्यातून वर वर जावं, तर एल्सवर्थपर्यंत रस्ता सर्वसाधारण अमेरिकन आहे: पेट्रोल पंप, मोटेल, लॉब्स्टरच्या पाट्या. ट्रेंटनचा आखूड पूल ओलांडून मी माऊंट डेझर्ट बेटावर आलो. बार हार्बरच्या बाजूला झाडी बदलते, स्प्रूस-फरची काळोखी राई सरून फिकट बर्च आणि अ‍ॅस्पेन दिसू लागतात. ऑक्टोबर १९४७ च्या वणव्यात बेटावरची सुमारे १७ हजार एकर जमीन होरपळली, तिच्यावर मागाहून उगवलेली ही झाडं. त्याच वणव्यात बार हार्बरची, संशोधनासाठी उंदरांचे वाण जोपासणारी जॅक्सन लॅबोरेटरी जळाली. क्लॅरेन्स कुक लिट्ल यांनी ती १९२९ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार-उद्योजकांच्या पैशावर उभारली होती. तिथले जवळजवळ सगळे उंदीर गेले. पण पूर्वी ज्या प्रयोगशाळांना तिथून उंदीर मिळाले होते, त्यांनी त्याच वाणांचे वंशज परत धाडले आणि वसाहत पुन्हा उभी राहिली. या पुनर्जन्माचं श्रेय वाणांच्या शुद्धतेला देता येईल. माझ्या मते त्यातला मोठा वाटा गावोगावच्या प्राणिगृहांत ते वाण रोज सांभाळणाऱ्यांचा असणार.

१९६० पासून इथे जुलैत सस्तन प्राण्यांच्या आनुवंशिकीचा उन्हाळी अभ्यासक्रम भरतो. जॉन्स हॉपकिन्सचे व्हिक्टर मकुसिक यांनी तो सुरू करण्यात पुढाकार घेतला. येणारे बहुतेक डॉक्टर, संशोधक, पीएच.डी.चे विद्यार्थी. संमेलनांचंही तसंच: पोस्टरवर नाव असतं तो प्रवास करतो, पिंजरा उघडतो तो घरी राहतो. पुरावा मात्र पिंजरा उघडणाऱ्याच्या बाजूने बोलतो. पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी इथल्या तीन प्रयोगशाळांनी तेच वाण, तीच उपकरणं, तीच कार्यपद्धती ठेवून वर्तनाच्या चाचण्या केल्या. १९९९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेले निष्कर्ष काही चाचण्यांत प्रयोगशाळेगणिक वेगळे होते. २०१० मध्ये जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवलं, की शेपटीला धरून उचललेला उंदीर भेदरतो. नळीतून किंवा ओंजळीतून उचललेला त्या मानाने शांत राहतो. २०१४ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांना तर पुरुषांच्या नुसत्या वासानेही उंदरांवर ताण येऊन त्यांची वेदनेची प्रतिक्रिया मंदावलेली दिसली. शोधनिबंधातल्या ‘पद्धती’ या भागात यातलं फारसं काही येत नाही. कोणाच्या हातांनी, कसं उचललं, हे तिथे लिहायची चालच नाही. म्हणून माझं म्हणणं, की शिकण्यासाठीच्या प्रवासाचा पैसा आधी पिंजरा उघडणाऱ्या परिचरावर खर्च व्हावा.

यावर आक्षेप येतो, की त्या १९९९च्या प्रयोगात वाणांमधले ठळक फरक तिन्ही ठिकाणी सारखेच आढळले होते. मग हाताळणीचं एवढं स्तोम कशाला? आक्षेप खरा आहे. पण आजचे बरेच प्रश्न ठळक फरकांचे नसतात. एखाद्या औषधाने चिंता थोडी कमी होते का, हे विचारताना परिणामच बारीक असतो आणि बारीक परिणाम हातांच्या गोंधळात सहज बुडतो. दुसरा आक्षेप प्रयोगशाळांच्या प्रमुखांचा: परिचर नोकऱ्या बदलतात, त्यांच्यावर खर्च करून काय उपयोग? पीएच.डी.चा विद्यार्थीही चार-पाच वर्षांत निघून जातो, त्याच्या विमानभाड्याबद्दल हा प्रश्न कोणी विचारत नाही. (उत्तर अर्थातच पदाच्या उतरंडीत आहे.) तिसरा आक्षेप व्हिडिओचा: हाताळणी व्हिडिओ पाहून शिकता येते, मग प्रवास कशाला? उचलण्याची कृती पडद्यावर कळते. पण पंज्यांचा ताण, अंगावरची पिंजारलेली लव, आजारी उंदराची ती कुबड काढून बसण्याची तऱ्हा ओळखायला जाणत्या माणसाशेजारी उभं राहून प्रत्यक्ष उंदीर पाहावे लागतात. लठ्ठ उंदरांचं प्रसिद्ध उत्परिवर्तन १९४९ मध्ये याच बार हार्बरमध्ये नजरेस पडलं आणि त्याच्या मागावरून १९९४ मध्ये लेप्टिन हे संप्रेरक हाती लागलं. असं वेगळं पिल्लू हेरायचं तर रोज पिंजरा पाहणारी नजर तयार असावी लागते.

अमेरिकेत प्राणिगृह-तंत्रज्ञांसाठी पायरीपायरीने प्रमाणपत्रं देणारी राष्ट्रीय संघटना आहे, ही व्यवस्था घेण्यासारखी. आपल्याकडेही हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तंत्रज्ञांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम चालवले आहेत. मुंबई-पुण्याच्या एखाद्या संस्थेने बार हार्बरचं एक तिकीट काढण्याआधी तेवढ्याच पैशांत किती परिचर रात्रीच्या गाडीने हैदराबादला जाऊन येतील, याचा हिशेब मांडावा आणि तो अनुदानाच्या अर्जात प्रवासखर्चाच्या रकान्यातच लिहावा.